पेटीवरचं छप्पर आणि फूल

हिसानोला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पण कुळचिन्ह एकदा पाहिलं की ती जन्मात विसरत नसे. पन्नास वर्षं तिनं गावातल्या किमोनोंवर चिन्हं रंगवली होती. नवरदेवाचं नाव तिला लग्नापर्यंत पाठ होत नसे, चिन्ह मात्र पहिल्याच दिवशी.

म्हणून नाटकघरातल्या जुन्या पेटीवरून भांडण पेटलं, तेव्हा सगळ्यांनी तिलाच बोलावलं. काळ्या रोगणाची चिलखताची पेटी, तिच्यावर सोनेरी छप्पर आणि छपराखाली फूल. साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणारा गेनजो इवासे हट्टाला पेटला होता, की हे आमच्या घराण्याचं चिन्ह, पेटी आमची, मी घरी नेणार. रविवारी नाटक होतं आणि पेटीवाचून दुसरा अंक उभाच राहत नव्हता.

गेनजो तिचा शाळेतला सोबती. त्याच्या लग्नाच्या कोटावर हेच छप्पर तिनं रंगवलं होतं. आता पेटीवरची रेघ तिनं बोटानं मापली.

"गेनजो, रागावू नकोस हं," ती म्हणाली. "घरच्या पेटीवरची रेघ केसासारखी असते. ही बघ, बोटाएवढी जाड! शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसायला नको? पेटी नाटकाचीच आहे. आणि चिन्ह नाटकातल्या त्या दुष्ट सरदाराचं."

हशा पिकला. गेनजो लालबुंद झाला. "म्हणजे माझ्या बापाच्या थडग्यावर खलनायकाचं चिन्ह?"

हिसानोला फार वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो! काहीतरी करायचं म्हणून तिनं झाकण उलटं केलं. आत शाईनं नावं होती, कोणत्या वर्षी सरदार कोणी केला त्याची. सलग सोळा वर्षं एकच नाव, तोकुजो.

"आजोबा," गेनजो पुटपुटला.

"आडनावं घ्यायची सक्ती झाली, तेव्हा कुळवाड्यांकडे चिन्हं कुठली? लोकांनी मिळेल ते उचललं. तुझ्या आजोबांनी या सरदाराचं उचललं, त्यांच्या जिवाभावाचं," हिसानो म्हणाली.

गेनजोनं त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "यंदा हा हरामखोर कोण करतंय?"

"ताकेझो. पण त्याची कंबर धरलीय," जमलेल्यांतला एकजण म्हणाला.

"मग मी करतो. पेटी राहू दे इथंच."

"अरे, पण पाठांतर?" त्या माणसानं विचारलं.

"पाठांतर कशाला?" हिसानो म्हणाली. "चाळीस वर्षं गड्यांवर ओरडतोय, तेच ओरडू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेनजो तिच्या दारात हजर. काखेत लग्नाचा कोट.

"हिसानो, रेघ जाड कर," तो म्हणाला. "शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे."