डुकरापुरती माफी

दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पियेदादबाय आमच्यासमोर आपली पापं मोजायची. शनिवारी संध्याकाळी तिला पाद्रीकडे कुमसार द्यायचा असे, म्हणजे पापांची कबुली. आयत्या वेळी एखादं राहून जाऊ नये म्हणून ही उजळणी. "पयलें, शेजारणीच्या कोंब्याक फातर मारलो. दुसरें, मिसाक बसून नुस्त्याचो, तळिल्ल्या बांगड्यांचो, विचार केलो. तिसरें, शोभा, तुझ्या लोणच्याक बरें म्हटलें, तें खोटें."

आम्ही पोट धरून हसायचो. ती हसायची नाही. मी एकदा म्हटलं, "बाय, लोणचं बरं म्हटलं यात कसलं आलंय पाप?"

"तुका बरें दिसचें म्हणून नाय म्हटलें. तुवें माका बरी म्हणची म्हणून म्हटलें."

गेल्या वर्षी त्यांच्या उपासाच्या दिवसांत ती गेली. तेव्हापासून जो तो तिला देवमाणूस म्हणत सुटलाय आणि माझं डोकं फिरतंय. जिवंतपणी तिच्या दारात पाऊल न टाकणारे हे लोक! देवमाणूस म्हटलं की आपण सुटलो, तिच्यासारखं वागायला नको. ती देवमाणूस वगैरे काही नव्हती. फटकळ होती, कोंबड्यांना दगड मारायची, आणि गोव्यात तुयेच्या कारखान्यात अकरा वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून प्लास्टिकच्या झाकणांच्या कडा कापायची. नवरा वारलेला, मुलगा बोटीवर नोकरीला. मी पेडण्याची, शेतकरी घरातली. ती जवळच्याच गावातल्या ख्रिस्ती वाड्यावरची. डबा मात्र आम्ही एकत्र खायचो.

रुपाली नावाची एक कंत्राटी मुलगी सावंतवाडीकडून कारखान्यात यायची. जेमतेम वीस वर्षांची. प्रेस मशीनमध्ये तिची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून त्या मशीनला लोखंडी जाळी असते. काम भराभर उरकावं म्हणून आमचा सुपरवायझर आंतोन याने महिनाभर आधी स्वतः उभं राहून ती काढायला लावली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी आंतोन कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की जाळी रुपालीनेच काढली.

मी सही केली. कारणं सांगत बसत नाही, सगळ्यांची असतात तीच होती. पियेदादबायने कागद वाचला, परत दिला आणि आंतोनला सगळ्यांदेखत "डुकरा!" म्हणाली. चौकशीला सरकारी साहेब आला तेव्हा तिने जे पाहिलं ते लिहून दिलं.

आंतोन तिच्याच वाड्यावरचा. कपेलाच्या, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या चर्चच्या, समितीचा तो प्रमुख. परक्या पोरीसाठी हिने आपल्या माणसाला अडकवलं, असं वाड्याने ठरवलं. मिसाला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, ती ज्या बाकावर बसायची तो बाक रिकामा होऊ लागला. दारातल्या शेजारणी तिला पाहून आत जाऊ लागल्या. निरोप आला की आंतोनची माफी माग, नाहीतर मे महिन्यात तुझ्या अंगणातल्या क्रुसासमोर लादाईन म्हणायला कोणी येणार नाही. लादाईन ही प्रार्थना एकट्याने म्हणायची नसते. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून सूर धरायचा. तिच्या सासूच्या सासूपासून त्या क्रुसाची लादाईन कधी चुकली नव्हती.

तीन आठवडे शुक्रवारची उजळणी झाली नाही. मग एका शुक्रवारी डबा उघडायच्या आधीच म्हणाली, "आंतोनाक डुकर म्हटलें. तोय देवानच केल्लो मनीस. तें पाप."

"आणि साहेबाला लिहून दिलं ते?"

"तेंय सोदलें गो. खूब सोदलें. थंय पाप मेळूंक नाय."

आणि ही बाई खरोखरच आंतोनच्या दारात गेली. डुकर म्हटलं ते चुकलं, माफ कर, एवढंच बोलून परत आली. आंतोनने तेवढंच उचललं. बाय नमली, बायने माफी मागितली, असं रविवारपर्यंत सगळ्या वाड्यावर झालं. तोंड फिरवणाऱ्या बायका दोदोलच्या मिठाईचे तुकडे घेऊन तिच्या दारात. त्यांचा तो गोडवा मला बघवायचा नाही.

मेमध्ये लादाईन झाली. मलाही बोलावणं होतं. तिने क्रूस चुन्याने रंगवला होता, अबोलीचे हार घातले होते, मोठ्या टोपात चणे उकडले होते. स्वयंपाकघरात तिने मला सांगितलं की आज सगळ्यांसमोर खरं काय ते बोलणार. मी तिचा हात धरला. "बाय, पाया पडते, गप्प राहा. तुला कोणी विचारलेलं नाही."

"विचारूंक नाय, पूण खोटें कळलां तांकां."

दिवेलागणीला चाळीसेक माणसं अंगणात उभी होती. तिने ओळ म्हणायची आणि अख्खा वाडा मागून उचलायचा. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधीच पाहिला नव्हता. हे मुद्दाम लिहिते आहे. तिला माणसं नको होती असं कोणी समजू नये. तिला ती फार हवी होती.

शेवटची ओळ संपली, चणे वाटून झाले. आंतोन पेला हातात घेऊन उभा राहिला आणि चूक कबूल करणाऱ्या मोठ्या मनाबद्दल बोलू लागला. तिने चमचा टोपात ठेवला.

"आंतोन, थांब. मी माफी मागली ती डुकरापुरती. जाळी तुवेंच काडूंक लायली. तें मी लिहून दिलां, आनी तें खरें."

चण्यांच्या बश्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवून एकेक जण निघून गेला. एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. अंगण रिकामं झाल्यावर मी तिच्यावर ओरडले, "काय मिळालं? कोणासाठी केलंस हे?"

ती रडत होती. पदराने तोंड पुसत होती आणि बश्या गोळा करत होती. "क्रुसामुखार उबी मी, शोभा. तो माका वळखता. ह्या लोकांनी वळखूंक नाय तर दुखता. खूब दुखता. पूण दुखता म्हणून मी दुसरीच कोण होऊं?"

पुढचे आठ दिवस मी घरात भांडी आपटत होते. राग तिच्यावर आहे असं मला वाटत होतं. नवव्या दिवशी रजा टाकून मी चौकशीच्या साहेबाकडे गेले आणि लिहून दिलं की माझी सही खोटी होती. नवरा महिनाभर बोलला नाही. आंतोनने मला धुळीच्या खोलीत पोती भरायच्या कामावर टाकलं.

साहेबाकडून मी तडक पियेदादबायच्या घरी गेले होते. ती मागल्या दारी बांगडे साफ करत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि उभी राहिले. कशाची वाट बघत होते ते मला चांगलं ठाऊक आहे.

"रुपालीक सांगलें?" तिने विचारलं.

"नाही."

"मगे माझ्या तोंडाकडे कित्याक बगतस?"

एक शब्द! एक बरा शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? मी चप्पल घातली आणि निघाले ती रागाने. तिच्यावरचा तो राग अजून पुरता गेलेला नाही, ती जाऊन वर्ष होत आलं तरी.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या बसने मी रुपालीच्या गावी गेले. ती दारातच होती, उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. मी सांगितलं की जाळी कोणी काढली ते मी पाहिलं होतं, तरी कागदावर सही केली, आणि आता खरं लिहून दिलंय. तिने ऐकून घेतलं. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही, जा असंही म्हणाली नाही. मी थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि मग स्टॅंडकडे चालू लागले.