लांडग्याचा टप्पा

खेळ सुरू होऊन सात महिने झाले होते आणि तो खेळणारी माणसं मला जवळजवळ पाठ होती. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी फोनवर यादी बघायची. उदगीरकडची एक बाई रोज साडेसहाला यायची. कुणी एक जण मेंढरं पाणवठ्यापर्यंत न्यायचा आणि तिथंच सोडून निघून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू. माणसं इतकी कमी की त्यातलं कुणी चार दिवस दिसलं नाही तर मी दिवसातून दहादा यादी उघडून बघायची. आजारी असतील, फोन बिघडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायची. खरं तर कंटाळून गेले असतील, हे मला कळत होतं.

खेळ साधा. मेंढरं घेऊन गावातून निघायचं, माळ ओलांडायचे, पाणी शोधायचं, दिवस मावळायच्या आत जाळीची वाघर लावून मेंढरं आत घ्यायची. वाटेत दुसऱ्या खेळणाऱ्यांचे कळप भेटतात, त्यांच्याशी बोलता येतं, मेंढरू चुकलं तर हाक मारता येते. यातलं सगळं माझ्या वडिलांचं. अप्पा चिंताकीचे, चाळिशीपर्यंत मेंढरांमागं फिरले, मग कळप विकून शेती धरली. मी स्वतः एक दिवसही मेंढरं वळलेली नाहीत. लग्न होऊन कमठाण्याला आले, बिदरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि दुपारनंतर वरच्या खोलीत बसून हा खेळ करते.

आम्ही दोघी होतो. माझी भागीदार माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते. कलबुर्गीला एका प्रशिक्षणात आमची ओळख झाली. कडगंचीला शिकायला आली आणि तिथंच खोली करून राहिली. टप्पे बांधणं, चित्रं, आवाज, संवाद हे माझ्याकडं. खेळ लोकांपर्यंत नेणं तिच्याकडं. पण ते तिला एकटीला जमणारं नव्हतं. तिची घरची भाषा कन्नड. मराठीतलं लिहिणं, बोलणं, व्हिडिओसाठी खेळातले तुकडे काढून देणं मीच करायला हवं होतं. आठवड्यातले चार दिवस नवं बांधायचं आणि दोन दिवस जाहिरातीचं बघायचं, असं आमचं ठरलं होतं. ते दोन दिवस मी दर आठवड्याला चोरायची. या टप्प्यातलं गवत नीट झालं नाही, त्या विहिरीच्या पायऱ्या राहिल्यात, असं काहीतरी सांगायची.

कारण एकच, मला भीती वाटायची. खोलीचं दार लावून गवताचं पान न् पान काढताना मला कुणी काही म्हणणार नव्हतं. बाहेर जाऊन ‘बघा, हे मी केलंय’ म्हटलं की कुणीतरी वळून ‘एवढंच?’ असं विचारणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. कॉलेजात कुणालाही मी खेळाबद्दल सांगितलं नव्हतं.

एकदा फोनवर तिनं विचारलं, “अक्का, अजून नवीन टप्पा करायलीस व्हय?”

“व्हय. अकरावा.”

“कुणासाठी?”

मी पुन्हा गवताचं काहीतरी सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि पुढच्या सुट्टीला माझ्याबरोबर चिंताकीला आली. खळ्यावर अप्पांना उभं केलं आणि मेंढरांना घालतात ती हाक घालायला लावली. अप्पांनी आधी नको नको केलं, मग गळा मोकळा करून अशी हाक दिली की शेजारच्या गोठ्यातल्या शेळ्या ओरडायला लागल्या. तिनं ते फोनवर घेतलं. परत निघताना ती औरादच्या स्टँडवर बसमध्ये चढली आणि खिडकीतून मला म्हणाली, “व्हिडिओच्या शेवटी लिहू का, पुढच्या रविवारी लांडगा येणार म्हणून? लोकांना वाट बघायला काहीतरी पाहिजे.”

गाडी सुटत होती. मी म्हणाले, “बघू.”

व्हिडिओ तिनं रविवारी टाकला. सोमवारी दुपारी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते आणि टेबलावरचा फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. नवे खेळणारे येत होते. मी यादी उघडली तर ती बोटानं कितीही सरकवली तरी संपत नव्हती. इतके दिवस ज्यासाठी झुरले ते समोर आलं होतं आणि मी तपासलेलाच पेपर पुन्हा तपासत होते. शेजारच्या मॅडमनं विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. मी हो म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला. पर्सही थरथरत राहिली.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत काही जणांचे अकराच्या अकरा टप्पे खेळून झाले होते. सात महिन्यांचं काम त्यांनी दीड दिवसात संपवलं आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, लांडगा कधी. कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, कुणी दखनीत. तिनं व्हिडिओच्या शेवटी ती ओळ लिहूनच टाकली होती; लांडगा मात्र कुठंच नव्हता. मी त्याचं एक चित्रसुद्धा काढलं नव्हतं. त्यात एकानं लिहिलं होतं, ‘आम्ही मेंढरांमागं वाढलेली माणसं आहोत. बघून घेऊ तुमचा लांडगा. खोटं दाखवू नका.’ ते वाचल्यावर मी फोन उलटा ठेवला. जेवताना ताट तसंच बाजूला सारलं. नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले.

मग तिला फोन केला. “ती ओळ काढून टाक.”

“आता काढली तर अजून वाईट दिसंल, अक्का.”

“कामून लिहिलीस तू? मी कुठं हो म्हटले होते?”

“न्हाई बी म्हणाली न्हाईस.” मग तिचा आवाज चढला. “मी माणसं आणायची आन तू दार लावून बसायची. सात महिने एकच कळप, एकच माळ, मी लोकांना काय दाखवू? तू नवीन काय करतीस ते मला बी सगळ्यात शेवटी कळतंय. तुला वाटतंय भ्याव तुला एकटीलाच हाय. मला रोज वाटतंय की हे बंद पडणार आन घरचे म्हणणार, चल, आता परत ये.”

तिला भीती वाटत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला ती धीट वाटायची. मी म्हणाले, “रविवारपर्यंत करते.”

मंगळवार रात्र सोडली तर हातात चार दिवस होते. मी लांडगा काढला. लाल डोळे, बाहेर आलेले दात, झुडपातून झेप घेऊन पळत येणारा, त्याच्यामागं ढोलाचा आवाज. खेळणाऱ्यानं काठीचं बटण पटापट दाबलं की पळून जाणारा. बघायला भयंकर होता. मला मात्र त्याची काही भीती वाटेना. भीती होती ती रविवारची. कॉलेजात शिकवताना मध्येच वाक्य विसरायला लागले.

शुक्रवारी रजा टाकली आणि बसनं चिंताकी गाठली. अप्पा पडवीत बाजेवर बसले होते, आई आत तूर निवडत होती. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि कसं खेळायचं ते दाखवलं. त्यांनी बोटानं मेंढरं हळूहळू पुढं नेली. ढोल वाजला, लांडगा पळत आला. अप्पांनी काठीचं बटण दाबलं नाही. फोन मला परत दिला.

“हे कुत्रं हाय,” ते म्हणाले.

“लांडगा हाय, अप्पा.”

“न्हाई.”

“मग तो येतो कसा?”

विचारतानाच माझ्या ध्यानात आलं की हा विषय त्यांनी कायम टाळला होता. कुठल्या विहिरीला पाणी, कुठल्या माळाला काटा, मेंढराच्या खुराला काय लावायचं, हे सगळं त्यांनी मला तासन्‌तास सांगितलं होतं. लांडग्याचं विचारलं की ‘असत्यात’ म्हणायचे आणि उठून जायचे. आज उठले नाहीत. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

“तू झाली नव्हतीस तवाची गोष्ट,” ते म्हणाले. “तांबड्या माळावर होतो. दुपार व्हती, ऊन असं की दगडावर पाय ठेववंना. जोडीदार पाण्याला गेलता. मी एकलाच. आन चरायचा आवाज थांबला.”

“कशाचा?”

“मेंढरांचा. एवढी जनावरं गवत खातात तर एक आवाज असतो, सारखा. तो असतो तवा ध्यानात येत न्हाई. तो बंद झाला. बघितलो तर सगळ्यांची तोंडं एकीकडं. मला कायच दिसंना. मग दिसला. चालत यायला होता. पळत न्हाई, लपत न्हाई. माणूस आपल्या शेताकडं जातो तसा. दुसरा मागून.”

मी विचारलं, “तुम्ही काय केलं?”

“काठी व्हती हातात. हाक बी व्हती. हाक निघाली न्हाई.” त्यांनी गळ्याला हात लावला. “तोंड उघडलो, आवाजच न्हाई. एक गाभण मेंढी धरली आन घेऊन गेले, तसंच, चालत. मी उभा. गावात सांगितलो, पाच व्हते, दगडं मारून पिटाळलो. एक दगड बी मारलो न्हाई मी.” मग आवाज खाली करून म्हणाले, “तुझ्या आईला बी ठाऊक न्हाई.”

आतून आई म्हणाली, “ठाऊक हाय. झोपेत बोलता तुम्ही.”

अप्पा दाराकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, “टाकायचं असंल तर खरं टाक. माझं नाव नको.”

मी ढोल काढून टाकला, लाल डोळेही पुसून टाकले. रविवारपर्यंत ते होणार नव्हतं हे शुक्रवारी संध्याकाळीच कळलं, कारण आता मला आवाज हवा होता, मेंढरांच्या चरण्याचा, आणि तो सगळ्या अकरा टप्प्यांत सतत चालू ठेवायचा होता. नाहीतर तो थांबल्याचं कुणाला कळणार? गावात एकाकडं मेंढरं होती. शनिवारी सकाळी त्यांच्यामागं फोन धरून फिरले. मग तिला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तिनं एवढंच विचारलं, “किती दिवस?”

“बुधवार.”

“मग लोकांना तू सांग. तुझ्या तोंडानं. कन्नडमध्ये मी सांगते, मराठीत तूच.”

आयुष्यात इतकं घाबरले नसेन. अप्पांच्या गोठ्यात उभी राहून मी बोलायला लागले आणि पहिल्या वेळेला घशातून नुसती हवा आली. कितीदा केलं ते मोजलं नाही. शेवटी जे जमलं ते एवढंच: लांडगा तयार नाही. केला होता तो चुकीचा होता, म्हणून पुन्हा करते आहे. बुधवारी येईल. चेहरा दिसला नाही, सकाळी फोनवर घेतलेली मेंढरं दिसत होती आणि माझा आवाज होता. पाठवून दिलं आणि पाण्याच्या हौदाशी जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

रविवारी लोकांनी शिव्या घातल्या. फसवलं म्हणाले. बरेच निघून गेले. यादी उतरताना दिसत होती आणि मी ती बघत बसायची, मग काम करायची, मग पुन्हा बघायची. भागीदार रोज दोनदा फोन करायची, सकाळी आणि दुपारी. कामाचं बोलून झालं तरी दोघीही फोन ठेवत नव्हतो.

बुधवारी चार वाजता टप्पा उघडला. आता त्यात असं होतं: भर उन्हात माळावर मेंढरं चरतात, तो करकर आवाज चालू असतो, आणि तो थांबतो. माना वर होतात. हाकेचं बटण दाबलं तर काही होत नाही. लांडगा चालत येतो, एक मेंढी नेतो. मग बटण चालू होतं, आणि उरलेली मेंढरं घेऊन पुढच्या पाण्याकडं जायचं असतं.

पहिला अर्धा तास कुणीच काही लिहिलं नाही. मी खोलीत उभीच होते. मग एकानं लिहिलं, बटण बिघडलंय. दुसऱ्यानं लिहिलं, यात जिंकायचं काय, आणि तो गेला. त्याच्यासारखे आणखी गेले. नंतर एका बाईचा मोठा मजकूर आला. आळंदकडची होती. तिनं लिहिलं, तिचा नवरा मेंढरांमागं असतो, त्याला तिनं हे दाखवलं. आवाज थांबला तसा तो अंगणात उठून उभा राहिला आणि फोन बंद कर म्हणाला. पुढं तिनं विचारलं होतं, हे तुम्हाला कोण सांगितलं?

मी अप्पांना फोन करून ते वाचून दाखवलं. ते नुसतं “व्हय” म्हणाले आणि आईकडं फोन दिला.

आले होते त्यातले निम्म्याहून जास्त गेले. राहिले ते आधीपेक्षा पुष्कळ होते; आता ते मला पाठ नाहीत. आम्ही एवढंच बदललं: टप्पा पुरा झाल्याशिवाय तिनं त्याचं नाव काढायचं नाही, आणि पुरा झाला की मी दार उघडून तिच्याबरोबर जाहिरातीला बसायचं. ते दोन दिवस मी आता चोरत नाही. सोपे झालेत असं मात्र नाही.

गेल्या आठवड्यात ती कमठाण्याला आली होती. या वेळी तिनं व्हिडिओसाठी माझा चेहरा मागितला. मी बोलले, तिनं घेतलं, लगेच टाकलं. मी फोन तिच्याकडंच ठेवला आणि शेतात गेले. नवरा तुरीत खुरपत होता. हाताला काम दे म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या ओळीकडं बोट दाखवलं. ऊन कलेपर्यंत मी तिथं खाली मान घालून खुरपत होते.