मुरमाचा उतार

निजामाच्या राज्यातली गोष्ट. लहानपणी तापात माझे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून मी हातांवर सरकत फिरते. तामसीकडच्या आमच्या गावातलं चर्च नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून उंच जोत्यावर बांधलेलं. थोरला भाऊ मला पाठीवर घेऊन वर न्यायचा. तो कोळशाच्या खाणीत कामाला गेला आणि मी बाहेर कडुलिंबाखाली बसू लागले. दुसऱ्या कुणाच्या पाठीवर बसायला मी तयार नव्हते. माझा ताठा गावाला ठाऊक होता. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची भाकर मला बाहेर आणून देत, ती मी एकटीच खाई. दर रविवारी चर्चची मंडळी माझ्या डोक्यावर हात ठेवून पायांसाठी प्रार्थना करी. पाय काही हलेनात. प्रभू मला विसरला, असंच वाटू लागलं.

एका रविवारी उटनूरकडे निघालेली एक अनोळखी म्हातारी पाणी प्यायला थांबली. प्रार्थना संपेपर्यंत माझ्याजवळ बसली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवाले हिचे पायच काऊन मागून राह्यले? हिले वर याले वाट तुमीच करून द्या ना!" आणि आपल्या वाटेने गेली. पुन्हा कधी दिसली नाही.

आमच्याकडे बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून रविवारी देवाला आणतात. म्हातारी गेल्यावर चर्चचे पाळक म्हणाले, "येत्या रविवारी धान्यासंगं घरटी टोपलीभर मुरूमही आना." बायकांनी आणला, जोत्याला लावून उतार केला, पाणी मारून चोपला. पण उतार इतका उभा झाला की मी अर्ध्यातूनच घरंगळत खाली आले. "देवाच्या दारात घसरगुंडी केली व माय!" शेजारची काकू म्हणाली, आणि मीही पोट धरून हसले. मग बायकांनी तो उतार पार कडुलिंबापर्यंत लांबवला.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी माझ्या हातांनी वर गेले. आमच्यात सगळे गुडघे टेकून भाकर घेतात. त्या रांगेत कुणीच माझ्याहून फार उंच नव्हतं. मुरमाने लाल झालेले तळहात मी पदराला पुसू लागले, तर पाळक म्हणाले, "राहू दे पोरी. आपल्याच मंडळीनं आनलेला हाये तो." आणि भाकर त्याच हातावर ठेवली. मला रडू आवरेना.

पुढे त्या उतारावरून आंधळे आजोबा आले, दिवस भरलेल्या लेकी आल्या. पंचक्रोशीत असा उतार दुसऱ्या कुठल्या चर्चला नव्हता, हे मी आजही मान वर करून सांगते. त्या म्हातारीला कुणी पाठवलं, हे कुणाला पटवत बसत नाही. प्रभूने मला काय द्यावं, हे इतकी वर्षं मीच ठरवून बसले होते. प्रभुभोजनाच्या त्या रविवारी मी पाय मागणं सोडलं.