मुदतीत आलेला अर्ज

आज सेतू केंद्रात माझ्यापुढे एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला उभी होती. खिडकीतल्या माणसाने तिचा उत्पन्नाचा दाखला परत सरकवला.

"मागच्या वर्षीचा आहे हा. नवीन आण."

"दादा, पण आज शेवटची तारीख आहे."

"मग इतके दिवस झोपली होतीस का?"

तिने दाखल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. माझं डोकं इतकं तापलं, की त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. पण ते वाक्य माझंच होतं. कॉलेजच्या ऑफिसात कारकून असताना मी ते वर्षानुवर्षं वापरलं. शिष्यवृत्तीची सूचना मी खणात ठेवायचो आणि मुदतीला दोन दिवस उरले की फलकावर लावायचो. अर्ज कमी, काम कमी. सहकारी हसून म्हणायचे, "भाऊसाहेब हुशार!"

तरी एका वर्षी सुमन नावाची मुलगी वेळेत अर्ज देऊन गेली. तो माझ्याच फायलींखाली राहिला. मुदत उलटल्यावर सापडला, तेव्हा मी आवक नोंदवहीत लिहिलं, 'मुदतीनंतर प्राप्त.'

"सर, मी तुमच्याच हातात दिला होता ना?"

"खोटं बोलतेस?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. पुढच्या महिन्यात तिने कॉलेज सोडलं.

कागद पुढे करून एखाद्याचं शिक्षण हिरावणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. त्याला निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळतं. मलाही मिळालं.

आज खिडकीसमोरही मी गप्पच राहिलो. म्हणून निदान इथे लिहितो. सुमनचा अर्ज वेळेत आला होता. खोटं मी बोललो.