सरुबाईची सायकल आणि गळालेलं ‘मने’

सरुबाई सायकल शिकली ती पंचेचाळिसाव्या वर्षी. दुबलगुंडीहून ती कडगंचीला आली, शिवशंकर अप्पांच्या घरामागची खोली किरायानं घेतली आणि तीन किलोमीटरवरच्या एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. खानावळीच्या मालकिणीनं, कमलम्मानं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सातला चूल पेटली पाहिजे. दोन उशीर माफ, तिसऱ्याला दुसरी बाई. म्हणजे सायकल ही हौस नव्हती, नोकरीच होती.

तिनं जुनी सायकल विकत घेतली तेव्हा दुरुस्त करणाऱ्यानं तिला सांगितलं, “अक्का, दांडीवर नंबर कोरलाय. लिवून ठिवा.” घरात कागद नव्हता. तिनं कोळशानं दारामागच्या भिंतीवर लिहिला. अप्पांनी बघितलं. “सरुबाई, किरायाची भिंत हाय, पाटी न्हाई.” तिनं वर कॅलेंडर टांगलं. विषय मिटला.

मग एका सोमवारी संध्याकाळी अंगणातून सायकल चोरीला गेली.

अप्पा म्हणाले, “मी खोली दिलीय किरायानं, अंगण न्हाई.”

मी शेजारचा, पण माझं डोकंच फिरलं. “मग सरुबाई खोलीत काय उडत जाती?”

“कामून भांडायलाव, राजपालभाऊ?” सरुबाई म्हणाली. “किरायादारानं काय करायचं ते सांगा. आधी मालकाला सांगायचं का पोलिसाला?”

दोघांनाही, मी म्हणालो, पण पोलिसाला लेखी. आणि कर्नाटकात लेखी म्हणजे कन्नडात. मी मराठी शाळेतला, कन्नड शिकलो ते बसच्या पाट्या वाचून. कुणाकडून तपासून घेणं माझ्या स्वभावात नाही. ठाण्याच्या पायरीवर बसून अर्ज खरडला, खाली मालक म्हणून अप्पांचं नाव आणि फोन टाकला.

आतल्या हवालदारानं अर्ज वाचून सरुबाईला विचारलं, “किरायानं कधीपासून हाय?”

“दोन वर्षं झाले, साहेब.”

“मालक शिवशंकर?”

“व्हय.”

सगळं खरंच होतं. म्हणून कुणालाच काही खटकलं नाही.

मंगळवारी ती चालत गेली, उशीर झाला. बुधवारी उजाडायच्या आत निघाली, तरी वाटेत चप्पल तुटली. दोन उशीर संपले. त्याच दुपारी ठाण्यातून फोन आला, पण अप्पांना.

अप्पा माझ्याकडं आले. “तुमची सायकल सापडली म्हणायलेत. मला कुठली आली सायकल? माझी मोटारसायकल तर दारात उभी हाय.”

आम्ही तिघं गेलो. सायकल भिंतीला टेकवलेली. सरुबाईनं जाऊन हँडल धरलं ते सोडेचना. हवालदारानं रजिस्टर अप्पांपुढं सरकवलं. “मालक, सही करा.”

“माझी हाय, साहेब,” सरुबाई म्हणाली.

“तुम्ही किरायानं घेतलेली ना?”

“खोली घेतली किरायानं.”

“खोली कुठं चोरीला गेली, बाई?”

अप्पा माझ्याकडं बघायले, मी अर्जाकडं. अर्ज पुन्हा वाचला आणि चूक सापडली. ‘बाडिगे मने’ लिहायचं होतं, किरायाचं घर. त्या घरची सायकल. मधलं ‘मने’ गळालं होतं. राहिली ‘बाडिगे’ सायकल. किरायाची. आणि अप्पा तिचे मालक.

मी चूक कबूल केली. हवालदार म्हणाला, ते ठीक, पण मालक कोण हे मी कशावरून धरू? नंबर सांगा.

“भिंतीवर हाय,” सरुबाई म्हणाली.

हवालदारानं ठाण्याच्या भिंतीकडं बघितलं.

अप्पांनी घरी बायकोला फोन लावला. “रत्नम्मा, सरुबाईच्या खोलीची किल्ली चौकटीवर हाय. दारामागचं कॅलेंडर उचल. खाली कोळशानं लिवलंय ते वाच.” रत्नम्मा एकेक आकडा कन्नडात सांगत गेली, हवालदार दांडीवर बोट फिरवत गेला. शेवटचा आकडा सात का एक, यावर थोडं अडलं. सातच होता.

“सही तिची घ्या,” अप्पा म्हणाले. “माझी नुसती भिंत हाय.”

मी नवा अर्ज लिहिला. या वेळी हवालदाराला वाचून दाखवला.

बाहेर आल्यावर सरुबाईनं विचारलं, “भाऊ, उद्या खोली सोडायची पाळी आली तर ती भिंत कशी न्यायची?”

“नंबर कागदावर लिहून ठेव.”

“कागदावर लिवलेलं बघितलं की आत्ताच,” ती म्हणाली आणि पायडल मारलं. उद्या सकाळी सातची चूल होती.