डाउनलोडचा कोड अप्पांच्या फोनवर

मोशीत आमच्या घरी मुलीचा मोबाइल नंबर बाहेर कुठं द्यायची पद्धत नव्हती. क्लासमध्ये, बँकेत, दुकानात, सगळीकडे अप्पांचा नंबर. अप्पा म्हणजे माझे वडील. चाकणच्या एका कंपनीत लाईनवर काम करतात. बारावीनंतर कागदपत्रं ठेवायच्या वेबसाइटवर मी खातं काढलं, तेव्हाही नंबर त्यांचाच टाकला. दुसरा टाकावा असं मनातही आलं नाही.

ते खातं मात्र मी मन लावून नीट मांडलं होतं. गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येक फाइलला नीट नाव, सगळं खाजगी. घरात माझं स्वतःचं असं कपाट नव्हतं, म्हणून असेल कदाचित, पण ते उघडून नुसतं पाहायलाही बरं वाटायचं. पाहायला कोड लागत नसे. डाउनलोड करताना मात्र दर वेळी नंबरावर कोड येई. मी ते काम संध्याकाळी करायचे, आणि तेव्हा अप्पांचा फोन टीव्हीपाशी चार्जिंगला लावलेला असायचा.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर मी जातीच्या दाखल्याचा स्क्रीनशॉट दाखवला.

"हा नुसता फोटो झाला," मॅडम म्हणाल्या. "मूळ फाइल मेल करा. त्यातली सही आम्हाला तपासावी लागते. चारपर्यंत आली तर ठीक, नाहीतर तुमची जागा पुढच्या यादीत जाईल."

मी बाजूला होऊन डाउनलोडचं बटण दाबलं. कोड पाठवला आहे, असं आलं. अप्पांच्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. त्यात त्या दिवशी ओव्हरटाइम होता, म्हणजे संध्याकाळशिवाय ते सुटणार नव्हते. कुणाला विचारावं ते कळेना. आमच्या घरात कॉलेजच्या खिडकीपर्यंत याआधी कुणी आलंच नव्हतं.

अडीअडचणीला म्हणून गेटचा नंबर आम्ही ठेवला होता. तो लावला. सिक्युरिटीच्या काकांनी फोन उचलला.

"ताई, कप्प्याची चावी त्यांच्यापाशी. आन् दुसऱ्याच्या फोनला मी हात लावत न्हाई."

"मग त्यांना बाहेर बोलवता येईल का?"

"सुपरवायझरला कारण सांगावं लागतंय. कुणी आजारी हाय का?"

"नाही. माझं ॲडमिशन आहे."

"आजारी म्हणू का? लगेच सोडत्यात."

खरं कारण ऐकून सोडलं नाही तर काय, हे मला दिसत होतं. पण अप्पा घाबरून पळत येतील, हेही दिसत होतं.

"नको काका. ॲडमिशनच सांगा."

बऱ्याच वेळानं अप्पांच्या नंबरावरून फोन आला. धाप लागलेली होती. "बोल लवकर. जागेवर दुसरा उभा केलाय."

"अप्पा, मेसेज आलाय. त्यातले आकडे सांगा."

त्यांनी एकेक आकडा वाचला. मी टाकला. मुदत संपली आहे, असं आलं.

"परत पाठवते. थांबाल?"

"थांबतो की. आता आलोय तर."

मागून काकांचा आवाज आला, "भाऊ, कोड कुणाला सांगू नका म्हणून त्यातच लिवलंय बघा!"

"पोरगीच हाय ओ माझी. फसवून फसवून काय नेणार?"

दुसरा कोड आला, फाइल उतरली. मेल केली तेव्हा चारला थोडाच अवधी होता. मॅडमनी स्क्रीनवर पाहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

रात्री जेवताना मी चाचरतच विचारलं, "अप्पा, त्या साइटवर माझा नंबर टाकू का?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"टाक," ते म्हणाले. "कॉलेजला तू जाणार, मी न्हाई."

नंबर बदलायलाही जुन्या नंबरावर कोड जातो. त्यांनी चष्मा लावून तो वाचून दाखवला आणि फोन हातातच ठेवला.

"म्हंजे हितनं पुढं मला काही येणार न्हाई?"

"नाही."

"मग तुझं काय चाललंय ते कळायचं कसं?"

"मी सांगत जाईन," मी म्हणाले. त्यावर ते फक्त "बरं" म्हणाले आणि आईकडे भात मागितला.