काठ कापलेल्या वीस साड्या

मी जात्याच संशयी. वेबसाइट शिकवणाऱ्या क्लासमधल्या दोन मुलींना सरांनी फ्रेमवर्क, म्हणजे वेबपानाच्या डिझाइनचा तयार संच, शिकवायला घेतला आणि मला मात्र साध्या सीएसएसवरच, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडवरच ठेवलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. रंग, कडा, दोन चौकटींमधलं अंतर, सगळं हाताने लिहायचं. "बिघडलं तर कुठे बिघडलं हे न चाचपडता सांगता आलं, की पुढे जायचं," असं सर म्हणत. मला वाटे, लिंबायतच्या कामगार वस्तीतली, लूमवाल्याची, म्हणजे माग चालवणाऱ्याची पोर म्हणून मागे ठेवतायत.

मग रिंगरोडवरच्या एका साडीवाल्या सेठकडे वेबसाइटचं काम निघालं. नमुना म्हणून वीस साड्यांचं पान करून न्यायचं. सरांनी पाठवलं ते मलाच. हेही मला खटकलं. आधी मी नापास व्हावं, म्हणजे मागून त्या दोघी उजळून दिसतील, असाच डाव असणार! हे काम नाही मिळालं तर आईसोबत घरी बसून साड्यांचे धागे कापणं ठरलेलं होतं. म्हणून सरांना न विचारता व्हिडिओ बघून फ्रेमवर्क उचललं. अर्ध्या तासात वीस साड्या एका मापाच्या चौकटींत बसल्या. मी तर हवेतच होते.

पप्पांना दाखवलं. त्यांचं आयुष्य लूमवर गेलेलं. ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "साडीना काठ कोठे शे?"

"पप्पा, डिझाइनमध्ये असंच असतं," मी फटकन म्हणाले. त्यांना काय कळतंय वेबसाइटमधलं, असं मनातही आलं.

सेठनेही पहिल्यांदा तेच विचारलं. "बेन, बॉर्डर क्यां गई? साडी तो बॉर्डर जोईने ज वेचाय." उंच फोटो चौकटीत बसवताना खालचे काठ छाटले गेले होते, विसाच्या वीस. इथेच नीट कर, म्हणाले. मी माझी फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली. फोटो छाटणारी ओळ तिच्यात नव्हतीच, कारण ती मी लिहिलेली नव्हती. त्या तयार संचात ती कुठे शोधायची, काही कळेना. लाज वाटली, साड्यांच्याच घरात वाढून मला काठ दिसू नयेत याची.

मग सेठ जरा नवलानेच म्हणाले, "तमारा साहेबे तो कीधेलुं, आ छोकरी बधुं हाथे लखे छे, क्यांय अटकशे नहीं."

ही पोर सगळं हाताने लिहिते, कुठेच अडणार नाही, असं सरांनी माझ्याबद्दल सांगितलं होतं! मला सेठकडे बघवेना. मी लॅपटॉप मिटला.

सेठ नाही म्हणाले, एवढंच मी सरांना सांगितलं. "पुढच्या वेळी," म्हणून त्यांनी माझ्यापुढे पुन्हा साध्या सीएसएसचा सराव ठेवला. त्यांच्याबद्दल मी काय काय मनात आणलं होतं, ते सांगायला तोंड अजून उघडलेलं नाही.